वसईच्या घरातला पहिला नाताळ: नव्या सुनेला, ठरलेल्या जावयाला आणि पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला

माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन वसईत आले तेव्हा नाताळ म्हणजे केक, लाल टोपी आणि दुकानात टांगलेली चांदणी, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी सव्वीस माणसांच्या गोतावळ्यात मी दोन दिवस भिंतीला टेकून नुसती हसत उभी होते. हसून हसून गाल दुखले. कोणी वाईट वागलं नव्हतं. पण मी काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आता मी त्याच घराची मधली सून आहे. बाप्तिस्मा घेतलेला नाही, गौरी-गणपतीला माहेरी जाते आणि नाताळच्या फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ माझ्याच हातचं लागतं. यंदा पुतण्याची ठरलेली मुलगी कोल्हापूरहून पहिल्यांदा येते आहे. तिचा फोन आला, "काकू, काय नेसू? काय आणू? आणि चर्चमध्ये सगळे उठले की मीपण उठायचं का?" तिला तुकड्यातुकड्यांत जे सांगत गेले, तेच इथे सलग लिहिते आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. इथला नाताळ हा इंग्रजी सण नाही. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं, धर्म राहिला, भाषा मराठीच राहिली. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, पण घरात बोलणं सामवेदी बोलीत, म्हणजे कादोडीत, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत. आमच्या आजेसासूबाई शेवटपर्यंत लाल लुगडं नेसायच्या. तेव्हा "तुम्ही लोक घरी इंग्रजीत बोलता का हो?" हा प्रश्न विचारू नका. मी विचारला होता.

पहिली पायरी: नोव्हेंबरातच विचारून ठेवा, 'कुलकुल कधी?'

सण पंचवीस तारखेचा असला तरी नवख्या माणसाने पंचवीसला उगवणं ही सगळ्यात मोठी चूक. त्या दिवशी सगळं तयार असतं, सगळे नटलेले असतात, आणि तुम्ही पाहुणे होऊन बसता. घरात शिरायची वाट आधीच्या दोन आठवड्यांतून जाते. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी सासूबाईंना किंवा मोठ्या जाऊबाईंना फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, "कुलकुल करायला कधी बसताय? मी येते." जावई असाल तरी हेच विचारा. आमच्याकडे कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, वळताना पुरुष आणि मुलं सगळी बसतात, आणि जावई मांडी घालून बसला की त्याचं निम्मं काम झालं.

धार्मिक बाजूने सण चार रविवार आधी सुरू होतो. ३० नोव्हेंबरच्या जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं चक्र ठेवतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक वाढवत जातात. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची. या काळात फादरांचा झगाही जांभळा असतो. हा वाट बघण्याचा काळ. त्यामुळे घरातली आजी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'हॅपी ख्रिसमस'ला थंड प्रतिसाद देत असेल तर रागावली आहे असं समजू नका. तिच्या हिशेबाने नाताळ अजून आलेला नाही.

केकसाठी मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी, संत्र्याची साल रममध्ये भिजत घालायचं काम त्याआधीच उरकलेलं असतं. दारू चालत नसेल त्यांच्यासाठी संत्र्याच्या रसात भिजवतात. ओव्हन येण्यापूर्वी आमच्या घरी जाड बुडाच्या टोपात केक व्हायचा, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. तो वरून जरा करपायचा. करपलेली ती कड कोणाला मिळणार यावरून दीर अजून भांडतात.

दुसरी पायरी: चटईवर बसा

आमच्या वाडीत पाच चुलत घरं आहेत. कुलकुलांच्या दिवशी थोरल्या घराच्या पडवीत दोन चटया अंथरतात, मधे परात ठेवतात आणि पीठ वाटलं जातं.

कुलकुल म्हणजे शंकरपाळ्याची चुलतबहीण समजा. आमचं प्रमाण असं: १ किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, ४ अंडी, १ नारळाचं घट्ट दूध, १०० ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन आणि चिमूटभर मीठ. पाणी घालायचं नाही. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं. अंडी चालत नसतील तर ती वगळून नारळाचं दूध वाढवतात. तसा वेगळा गोळा मागायला लाजू नका.

आता हातचलाखी. बोराएवढी गोळी घ्यायची. नवा कोरा कंगवा किंवा काट्याची पाठ, तिच्यावर तेलाचं बोट फिरवायचं. गोळी अंगठ्याने दाबून पातळ पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. बाहेर रेघा उमटतात, आत पोकळी राहते. कडा नीट मिटल्या नाहीत तर तेलात उलगडतं. माझी पहिली पन्नास उलगडली. आत्याबाईंनी ती वेगळ्या थाळीत काढली आणि म्हणाल्या, "ही सुनबाईची, कोणी हात लावायचा नाही." मला वाटलं, टोमणा आहे. नंतर कळलं, नव्या माणसाची पहिली थाळी घरच्यांसाठी ठेवायची, बाहेरच्या ताटात घालायची नाही, असा तिथला रिवाज.

सगळा घाणा टाकण्याआधी एकच कुलकुल तेलात सोडून बघायचं. विरघळायला लागलं तर मोहन जास्त झालं, गोळ्यात थोडा मैदा मळून घ्यायचा. दगडासारखं झालं तर चमचाभर गरम तूप. मंद आचेवर तळायचं. घाई केली की बाहेरून लाल आणि आत कच्चं. शेवटी काहीजण साखरेच्या पाकात घोळवतात. आमच्याकडे अर्धी पाकातली, अर्धी साधी.

या चटईवर आणखी एक काम होतं. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला, हे सगळं इथे कळतं. वसईत एकाच गावात एकाच नावा-आडनावाची दोन-तीन माणसं सहज सापडतात, म्हणून माणूस आळीवरून किंवा घरच्या टोपणनावावरून ओळखतात. टोपणनावं कानावर पडली की मनात नोंद करून ठेवा. मात्र तुम्ही स्वतः ती वापरू नका, निदान दोन नाताळ होईपर्यंत. तुमच्यासाठी ते काका, मामी, आत्याच.

करंज्यांच्या दिवशी तर कोल्हापूर-साताऱ्याच्या मुलीला काही शिकवावंच लागत नाही. मुरड घालता येत असेल तर तुम्ही तिथे राणी. मार्झिपानला, म्हणजे सुक्या मेव्याच्या मिठाईला, मात्र मी अजून हात लावत नाही. ते थोरल्या जाऊबाईंचं संस्थान आहे, आणि संस्थानं खालसा करायला जाऊ नये.

तिसरी पायरी: गोठ्याला हात लावण्यापूर्वी विचारा

घराच्या ओसरीवर किंवा अंगणात येशूजन्माचा गोठा करतात. इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गव्हाण, बैल आणि गाढव मांडून तो प्रसंग उभा केला. घरोघरच्या गोठ्यांची प्रथा त्या रात्रीकडे बोट दाखवते. वसईत आळ्याआळ्यांतून मोठमोठे गोठे होतात, त्यांच्या स्पर्धाही असतात. कधी पाणीटंचाई, कधी मोबाईलचं वेड असले विषय त्यात येतात. नाताळच्या आठवड्यात रात्री स्कूटरवरून गोठे बघत हिंडणं हा इथल्या तरुणांचा लाडका उद्योग. आपल्याकडे गणपतीचे देखावे बघत फिरतात, त्याचाच हा थंडीतला भाऊ.

घरच्या गोठ्यात मात्र देखाव्यापेक्षा पेंढा, चिखल आणि हिरवळ महत्त्वाची. ही हिरवळ कशी करतात ते मला पहिल्याच वर्षी दिसलं आणि जीव भांड्यात पडला. पसरट ताटलीत माती घालून आठ-दहा दिवस आधी गहू किंवा नाचणी पेरतात. चौदा-पंधरा डिसेंबरला पेरलं की चोवीसला वीतभर कोंब उभे. म्हणजे घटस्थापनेला आपण रुजवण घालतो, नेमकी तीच कला! धान्य रात्रभर भिजवायचं, माती फार दाबायची नाही, पाणी हाताने शिंपडायचं, पहिले दोन दिवस झाकून ठेवायचं. कोंब हिरवे हवेत म्हणून पुढे उजेडात आणायचं. नवरात्रात पिवळसर रुजवण छान दिसते, गोठ्यात तशी चालत नाही. त्या घरात कोणी न शिकवताच मला येत असलेलं ते पहिलं काम होतं. तेव्हापासून ताटल्या माझ्याकडे आहेत.

त्याच वर्षी त्याच गोठ्यात मी घोटाळाही केला. बावीस तारखेला मातीच्या मूर्ती मांडल्या: मारिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव. मधली गव्हाण रिकामी. खोक्याच्या तळाशी कापसात गुंडाळलेला बाळ येशू सापडला. मला वाटलं, मुलं विसरली. मी तो हळूच गव्हाणीत ठेवला आणि स्वतःवरच खूश झाले. संध्याकाळी जपमाळेसाठी सगळे जमले आणि आजेसासूबाईंची नजर तिकडे गेली. म्हणाल्या, "अगं, पोर अजून जन्मायचंय!" सगळं घर हसलं. त्यांनी बाळ उचललं, पदराने पुसलं आणि आपल्या कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवून दिलं. तर लक्षात ठेवा: बाळ येशू चोवीसच्या रात्री, मिस्सेच्या वेळेला किंवा मिस्सेहून आल्यावर, घरातल्या लहान मुलाच्या नाहीतर थोरल्या माणसाच्या हाताने ठेवतात. बाळाच्या दर्शनाला उंटांवरून निघालेले तीन राजेही काही घरांत सुरुवातीला दूर उभे असतात आणि रोज थोडे पुढे सरकतात, कारण त्यांचा सण ६ जानेवारीचा. गव्हाणीपासून लांब, टीव्हीच्या टेबलावर उंट दिसला तर तो चुकून राहिलेला नाही.

चौथी पायरी: खाण्याचं आधीच बोलून घ्या

नाताळच्या जेवणात डुकराचं मांस मुख्य असतं. सोरपोतेल, पोर्क इंद्याल. शिवाय कोंबडी, बदक, बाटली मसाल्यातला रस्सा. हा मसाला उन्हाळ्यात भाजून कुटून बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नाव बाटली मसाला. तुम्ही शाकाहारी असाल, किंवा मटण खाता पण पोर्क नाही, तर आठ दिवस आधी स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला सांगा. ताटावर बसल्यावर नाही. चारचौघांत "शी, डुक्कर?" असा चेहरा झाला तर तो पुढची दहा वर्षं विसरला जात नाही. आधी सांगितलं तर कोणालाही राग येत नाही, उलट तुमच्यासाठी वालाची किंवा बटाट्याची वेगळी भाजी होते, वर "काही खाल्लंच नाहीस" म्हणून तीनदा वाढली जाते.

सोरपोतेल बावीसला शिजतं. मांस आधी उकडून, बारीक चौकोनी तुकडे करून, परतून, काळीज घालून, मसाला आणि व्हिनेगरात मुरवतात. व्हिनेगरामुळे ते टिकतं. दुसऱ्या दिवशी बरं लागतं आणि तिसऱ्या दिवशी फार छान. रोज एक उकळी काढायची आणि ओला चमचा आत घालायचा नाही. 'ओला चमचा' हा आमच्या घरातला गंभीर गुन्हा आहे.

त्याच्यासोबत फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट (पूर्वी ताडी घालत), थोडी साखर, मीठ. पीठ रात्री फेटून ठेवायचं, सकाळी दुप्पट होतं. ते इतकं सैल असतं की लाटता येत नाही. डावा हात पाण्यात बुडवून मूठभर पीठ घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो. तो ओल्या उजव्या हाताने चिमटून तेलात टाकायचा. तेल योग्य तापलं असेल तर तो स्वतःच गरकन उलटतो. माझ्या धाकट्या लेकीला हे उलटणं इतकं आवडतं की ती प्रत्येक फुग्याला टाळी देते. नवख्याने आधी तळण्याचं काम मागावं, पीठ सोडण्याचं नाही. पहिल्या वर्षी माझ्या मुठीतून फुगे नाही, शेपट्या बाहेर पडत होत्या.

घरची द्राक्षांची वाईन गोड लागते, सरबतासारखी. तरी ती सरबत नाही. छोटे ग्लास त्याचसाठी काढलेले असतात.

पाचवी पायरी: चोवीसची रात्र

तिला मध्यरात्रीची मिस्सा म्हणतात. पण ती बाराच्या ठोक्याला सुरू होईलच असं नाही. काही ठिकाणी बरीच आधी सुरू होते. वेळ घरच्यांना विचारा, आणि सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचा. बाहेरून येत असाल तर कोणतं गाव आहे ते बघून स्टेशन ठरवा: नंदाखाल, आगाशी, अर्नाळ्याला विरार, निर्मळ, भुईगाव, गासला नालासोपारा, आणि पापडी, रमेदी, सांडोरला वसई रोड. सगळीकडे पश्चिमेला उतरायचं. रात्री परतीची सोय गृहीत धरू नका. मुक्काम करा.

काय नेसायचं? नवं असेल तर नवं, पण मिरवण्यासारखं आणि अंगभर. साडी उत्तम. अनेकदा मिस्सा चर्चच्या पटांगणात असते. डिसेंबरात वसईला समुद्राकडून गार वारा येतो आणि खुर्च्या दवाने ओल्या होतात. शाल न्या, खुर्ची पुसायला जुना रुमाल न्या. हे कोणी सांगत नाही आणि मग नव्या पैठणीला डाग पडतो.

चर्चमध्ये सहसा चपला काढत नाहीत. आत शिरताना लोक पाण्याला बोट लावून क्रूसाची खूण करतात, तुम्ही केली नाही तरी चालतं. उगाच नक्कल करू नका. उठण्या-बसण्याचं म्हणाल तर समोरच्याकडे बघत राहा. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी कोणी वळून बघत नाही.

तासा-दीड तासात काय घडतं ते ढोबळ माहीत असलं की कंटाळा येत नाही. आगमनकाळात गौरवगीत म्हणत नाहीत. ते या रात्री परत येतं, सगळ्या घंटा एकदम वाजतात आणि अंगावर काटा येतो, माझ्याही. मग वाचनं. यशया संदेष्ट्याचं 'अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला', आणि लूकच्या शुभवर्तमानातली बाळाच्या जन्माची गोष्ट: कैसर औगुस्तचा शिरगणतीचा हुकूम, धर्मशाळेत नसलेली जागा, रानात कळप राखणारे मेंढपाळ. मग फादरांचं प्रवचन. पुढे शांती देण्याचा क्षण येतो: आजूबाजूच्यांकडे वळून हात जोडायचे, थोडं झुकायचं, हसायचं. हे मात्र तुम्ही जरूर करा.

आता महत्त्वाचं. शेवटाकडे रांगा लागतात आणि लोक ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जातात. तो बाप्तिस्मा घेतलेल्या, तयारी केलेल्या कॅथलिक माणसांसाठी असतो. घेण्यापूर्वी तासभर ते काही खातही नाहीत, पाणी सोडून. तुम्ही जागेवर बसून राहायचं. पहिल्या वर्षी आमची ओळ उठली आणि मी प्रसाद म्हणजे प्रसाद, असं समजून ओंजळ करून चालू लागले. नवऱ्याने मागून पदर ओढला तेव्हा मी फादरांपासून चार माणसं लांब होते. मागे वळायला जागा नव्हती. त्याने कानात सांगितलं, "हात छातीवर दुमड आणि मान खाली घाल." फादरांना खूण कळली, त्यांनी आशीर्वाद दिला, संपलं. तुम्हीही असे रांगेत अडकलात तर हाच मार्ग.

मिस्सेनंतर बाळ येशूचं दर्शन. काही जण मूर्तीला ओठ लावतात, काही नुसता हात लावतात. नमस्कार केला तरी छान. मग पटांगणात जो गलबला होतो तो तासभर चालतो. "नाताळच्या शुभेच्छा" म्हणत हात मिळवणं, गालाला गाल लावणं, चहा, केक. तुमची ओळख चाळीस लोकांशी करून दिली जाईल. नावं लक्षात राहणार नाहीत. माझी अजून दोन चुकतात.

सहावी पायरी: पंचवीसचा दिवस

सकाळी उठल्याबरोबर घरातल्या थोरांचा आशीर्वाद घ्यायचा. हात जोडून समोर उभं राहिलं की ते कपाळावर क्रूसाची खूण करतात. तुम्हाला ते नको असेल तर वाकून नमस्कार करा. आमच्या आजेसासूबाई माझ्या वाकण्यावर फार खूश असायच्या, कारण त्यांच्या स्वतःच्या नातवंडांपैकी कोणी वाकत नव्हतं.

मग ताटं. स्टीलच्या ताटात किंवा ताटलीत कुलकुल, करंज्या, मार्झिपान, केकचा तुकडा रचायचा, वर विणलेला रुमाल झाकायचा आणि शेजारी-पाजारी, नातलगांकडे पाठवायचं. हिंदू शेजाऱ्यांनाही जातं. त्यांच्याकडून दिवाळीत आलेल्या फराळाची ती परतफेड असते. गोव्यात या देवाणघेवाणीला कोन्सुआद म्हणतात आणि ताटात दोदोल, बेबिंक असतं. ताट घेऊन जायचं काम मुलांकडे आणि नव्या सुनेकडे येतं. मागून घ्या. प्रत्येक घराचं दार पाहून होतं, आणि ताट हातात असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे गोड करत नाहीत, चांदणी लावत नाहीत. तिथे ताट सगळ्यात आधी जातं, आणि आमच्याकडे ते जरा मोठं भरतात. दारात "हॅपी ख्रिसमस" ओरडू नका. आत जाऊन ताट ठेवा, पाच मिनिटं बसा. आपल्याकडेही दुखवट्याच्या घरी दिवाळीचा डबा नेतो, तेव्हा कसं बसायचं हे तुम्हाला सांगायला नकोच.

स्वतः काय न्यायचं? महागडी भेट नको, ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही जड होते. तुमच्या गावचं काहीतरी न्या. मी कंदी पेढे आणते. कोल्हापूरच्या मुलीला मी सांगितलंय, काकवी आण. लहान मुलांसाठी रंगपेट्या, सगळ्यांना सारख्या. त्यांच्या धर्ममाता-धर्मपित्यांकडून (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेतलेल्यांकडून) मोठी भेट येते, त्यांच्याशी चढाओढ नको. परत जाताना तुम्हाला आगाशीची सुकेळी मिळाली तर समजा, पसंती मिळाली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट. ट्रेनमध्ये उघडू नका, विरार लोकलमध्ये डबा तुमच्यापर्यंत परत येणार नाही.

दुपारी जेवण, मग गाणी, हाऊजी, पत्ते. पैशाने खेळतात, पण चिल्लरच. जिंकलात तर दुसऱ्या डावाला हरून या.

सासर नगरकडचं असेल तर

वर सांगितलेलं निम्मं तिथे लागू नाही. अहिल्यानगर, सोलापूर, पुण्याकडची बरीच मराठी ख्रिस्ती कुटुंबं प्रोटेस्टंट आहेत. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. तिथे मूर्तींचं प्रस्थ नाही. ताटात करंजी, शंकरपाळे, चिवडा, चकली असा फराळ असतो, जेवायला मटण. गाण्यांवर मात्र जीव. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर रचलेली मराठी पदं पेटी-तबल्यावर म्हणतात, आणि ती ऐकताना भजनाला बसल्यासारखं वाटतं. नाताळच्या आधीच्या रात्री मंडळी घरोघर गात फिरतात. दार वाजलं तर दिवा लावा, चहा तयार ठेवा. टाळ धरता येत असेल तर तुमची सोय झाली.

सातवी पायरी: सव्वीसनंतर

सव्वीसला सगळे झोपतात. उरलेल्या फुग्यांचे काप तव्यावर परतून नाश्ता होतो, आणि सोरपोतेल आता कुठे खरं मुरलेलं असतं. या दिवशी मदतीला थांबलात तर त्याचं मोल चोवीसच्या दहा हातांपेक्षा जास्त. भांडी असतात, खुर्च्या परत करायच्या असतात, आत्याबाईंना गाडीत बसवून द्यायचं असतं. गोठा लगेच मोडायचा नाही, तीन राजे अजून वाटेत आहेत. जानेवारीत मोडताना कोंबांची ताटली बागेत पालथी करायची आणि बाळाला पुन्हा कापसात गुंडाळायचं. आमच्याकडे ते आता माझ्या कपाटात असतं, साड्यांच्या घडीत.

निघताना तुमच्या हातात डबा पडेलच. तो कोणाचा, हे दारातच विचारून घ्या. वाडीत पाच घरांचे डबे सारखेच असल्याने तळाला नेलपॉलिशची खूण असते: थोरल्या घराची लाल, आमची गुलाबी, आत्याबाईंची मोती रंगाची, ती नीट दिसत नाही म्हणून दरवर्षी भांडण. डबा महिन्याच्या आत परत करायचा आणि रिकामा नाही. काहीच नसेल तर मूठभर साखर घाला. काकवी घालणार असाल तर झाकण घट्ट लावा.